सतरा नंबरचं मनगट

६ जानेवारी, सोमवार

नवी वही काढली, कारण नवं काम आलंय आणि त्याबद्दल बाहेर कुठे बोलायचं नाही अशी सही करून दिलीय. वहीशी बोललेलं चालत असावं.

मोठ्या डॉक्टरांनी सकाळी बोलावलं. एका कंपनीने मनगटावर बांधायचे बँड तपासायला पाठवलेत. हृदयाचा ठोका ताल सोडून पडायला लागला की बँड ते पकडतो म्हणे. असं ताल चुकणं येतं आणि जातं, माणसाला पत्ताही लागत नाही. पण त्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली की माणूस उभ्याचा आडवा. पन्नाशीपुढच्या चोवीस जणांना तीन महिने बँड बांधायचे. दर सोमवारी मी ते गोळा करायचे, कंपनीची मुलगी आतली नोंद उतरवून घेणार आणि संध्याकाळी चार्ज होऊन बँड परत. शंका आली तर मी ईसीजी काढायचा. माझ्या मशीनचा कागद खरा धरायचा आणि बँड त्याच्याशी ताडून बघायचा. सत्तावीस वर्षं ईसीजी काढतेय, कुणीतरी माझा कागद खरा धरला म्हणायचं.

कंपनीची मुलगी म्हणजे चष्म्याला हातपाय फुटलेत. मी मनातल्या मनात तिला चष्मिश म्हणते. ती मला काकू म्हणते. "काकू नाही, मॅडम," असं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा काकू म्हणाली तेव्हा सोडून दिलं.

८ जानेवारी

तेवीस माणसं झाली, एक कमी पडत होता. घरचं माणूस म्हणजे खात्रीचं, म्हणून ह्यांचं नाव घातलं. सतरा नंबर. सतरावा आयत्या वेळी गळला होता.

"मला काय धाड भरलीय?" हे म्हणाले. एकतीस वर्षं बस चालवतायत, गाडीला एक ओरखडा नाही, त्यामुळे स्वतःलाही कधी गॅरेज लागणार नाही असं ह्यांना वाटतं.

सासूबाई म्हणाल्या, "बांध रे. बायको कधी नव्हे ते फुकट काही देतेय."

भावोजी हसत सुटले. म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असतात. लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्ट बंद असते तेव्हाच त्यांना बोलावतात, त्यामुळे बिचारे सगळे मजले पायीच चढतात. "वहिनी, मला बांधा," म्हणाले, "माझं काळीज घोड्याचं आहे. कंपनी खूश होईल."

मापासाठी पर्समधून नमुन्याचा बँड काढून दाखवला. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखा, पण आत काही नाही, नुसतं खोकं. खऱ्याच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो आणि नंबर चिकटवलेला असतो. ह्यांना नमुना बरोबर बसला, मग खरा बांधला.

१३ जानेवारी, सोमवार

पहिली नोंद. तेवीस जण ठीक आणि सतरा नंबरला चार लाल खुणा.

चष्मिशने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ह्यांना फोन करून दुपारी बोलावून घेतलं, माझ्याच टेबलावर झोपवलं, दोनदा ईसीजी काढला. दोन्ही कागद पट्टीने आखल्यासारखे नीट. जीव भांड्यात पडला. चष्मिश म्हणाली, "काकू, हे येतं-जातं. आत्ता नाही म्हणजे तेव्हा नव्हतं असं नाही. लक्ष ठेवू या." मी म्हटलं, लक्ष ठेव, पण आधी तुझ्या बँडवर ठेव.

रात्री जेवताना घरात सांगितलं, पहिल्याच आठवड्यात बँड खोटारडा निघाला. सगळे हसले. हे नाही हसले. म्हणाले, "समजा खरंच निघालं असतं तर?"

"तर चाक सुटलं. डेपोच्या डॉक्टरला कळवावंच लागतं. पन्नास माणसं मागे बसवून असा माणूस गाडी कशी चालवणार?"

हे अर्ध्या जेवणावरून उठले. दमले असतील. सोमवारी ह्यांना लांबची फेरी असते आणि त्यात मी मध्येच बोलावून घेतलं.

१६ जानेवारी

नमुन्याचा बँड सापडत नाही. पर्स पालथी केली, कपाट उपसलं. स्टोअरवाल्याला तोंड द्यायचं आता मला. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या वस्तू तू ठेवतेस, मी काय राखण करते?" खरं आहे.

आज भावोजींचं मनगट मुरगळलं. लिफ्टच्या दारात अडकलं म्हणे. क्रेप बँडेज गुंडाळून आले. बघू तरी म्हटलं, तर हात पाठीमागे. "वहिनी, तुम्ही काळजाच्या, हाडांच्या नाही." जिभेला हाड नाही एकेकाच्या!

२० जानेवारी, सोमवार

सतरा नंबरला एकही लाल खूण नाही. बघा! मी काय म्हणत होते?

पण बँड डोक्यावर पडलेला आहे एवढं नक्की. ह्यांची शुक्रवारची पावलं चौदा हजार. दिवसभर जो माणूस सीटवर बसून असतो त्याची चौदा हजार पावलं! आणि चढलेले मजले बत्तीस. बस काय गच्चीवर चालवत होते?

चष्मिशला सांगितलं, की हा खड्ड्यांचे धक्के पावलं म्हणून मोजतोय. ती नखं खात बसली. मग म्हणाली, "धक्के पावलं वाटू शकतील काकू, पण मजले तो हवेच्या दाबावरून मोजतो. वर गेल्याशिवाय मजला लागत नाही."

"उड्डाणपूल असतात," मी म्हटलं.

"बत्तीस?"

उत्तर होतं माझ्याकडे, पण तेवढ्यात पेशंट आला.

२७ जानेवारी, सोमवार

पुन्हा स्वच्छ. झोपेतला ठोका बावन्न. बावन्न! हा पंचविशीतल्या पोराचा ठोका झाला. हे संध्याकाळी फिरायला जातात त्याचा गुण म्हणायचा. गेल्या वर्षी कुठल्याशा तपासणीत ह्यांचा बहात्तर होता. मला इतका आनंद झाला की येताना ह्यांच्यासाठी नवा शर्ट घेतला.

शर्ट बघून हे काही बोललेच नाहीत. भावोजीच म्हणाले, "दादा, वहिनी एवढं कौतुक करतेय, बोल की काहीतरी." मग "छान आहे" म्हणाले. एकतीस वर्षं हॉर्न वाजवून माणसाचं बोलणंच संपलंय.

३१ जानेवारी

हे जिन्यात मधेच थांबतात हल्ली. गुडघे, म्हणाले. तेल लावून दिलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कडाक्याचं भांडण झालं.

चष्मिशने दार लावलं आणि खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, "काकू, रागावू नका. सतरा नंबरचा पहिला आठवडा आणि नंतरचे तीन ही दोन वेगळी माणसं आहेत. ठोका वेगळा, चाल वेगळी, झोपेच्या वेळा वेगळ्या. बँड काकांच्याच हातावर असतो ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "मी रोज डोळ्यांनी बघते. आंघोळीलासुद्धा काढत नाहीत. माझा नवरा खोटं बोलत नाही. त्याला जमतच नाही ते, लग्न ठरवताना पगारसुद्धा खरा सांगितला होता त्याने."

ती म्हणाली, "मी काका खोटं बोलतात असं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, एक साधी परीक्षा करू. मी एक दिवस आणि वेळ ठरवायची आणि त्या वेळी बँडवर बोटाने तीन टिचक्या मारायच्या. नोंदीत तीन टोकं उमटतात. ह्यांनासुद्धा सांगायचं नाही. उमटली तर ती माझी पाय धरून माफी मागेल.

पाय धरायची तयारी ठेव म्हटलं. आपला बँड धड नाही आणि दुसऱ्याच्या संसारात डोकावायचं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मारल्या टिचक्या. हे जेवून खुर्चीत पेंगत होते, हात खुर्चीच्या हातावर, बँड वर. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं. टिक, टिक, टिक. हललेसुद्धा नाहीत. झोपेत चेहरा अगदी लहान मुलासारखा होतो ह्यांचा. भावोजी कुठल्याशा लिफ्टच्या तक्रारीसाठी बाहेर गेले होते, सासूबाई रेडिओपाशी. म्हणजे साक्षीला मी आणि भिंतीवरचं घड्याळ. भांडी घासताना मी गाणं गुणगुणत होते म्हणे, सासूबाईंनी विचारलं, आज काय मिळालं गं तुला?

१० फेब्रुवारी, सोमवार

टिचक्या नाहीत!

गुरुवारी आठ दहाला नोंदीत काय आहे? तर सतरा नंबर जिना चढतोय. सलग सहा मजले. आणि माझ्या डोळ्यांदेखत माणूस खुर्चीत घोरत होता!

मी टाळी वाजवली. "बघ तुझा बँड! बसलेल्या माणसाला जिना चढवतो." चष्मिशचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, "काकू, याचा अर्थ तुम्हाला खरंच कळत नाहीये?" मी म्हटलं, याचा अर्थ तुमचा माल कुचकामी आहे.

ती वायरी गुंडाळायला लागली.

अहवाल लिहिला. दोन पानं. "घरच्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली घेतलेल्या चाचणीत बँड पूर्णपणे अविश्वसनीय ठरला." वाक्य मोठ्या डॉक्टरांना आवडलं. सही ठोकली.

१४ फेब्रुवारी

तपासणी थांबवली. अहवाल कंपनीला गेला आणि कंपनीने चष्मिशला काढलं. हे बँड निवडण्याची जबाबदारी तिची होती म्हणे. खोकं भरून निघाली तेव्हा माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं भांडेल. म्हणाली, "काकू, एकदा काकांचा हात धरून बघा." आणि गेली.

काय पण बोलणं! असो. वाईट वाटलं थोडं, वयाने माझ्या लेकीएवढीच आहे. पण कामात चूक ती चूक.

बँड परत मागवायला कंपनी अजून पंधरा दिवस घेणार आहे. तोवर ज्याचा त्याच्याकडे. चार्जर आता घरोघरी दिलेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अक्षर कसंही येवो, सगळं आत्ताच लिहून ठेवते.

संध्याकाळी साडेसातला जेवायला बसलो आणि लाइट गेले. पूर्ण अंधार. सासूबाई म्हणाल्या, हलू नका कुणी, वाट्या सांडतील. म्हणून सगळे जागच्या जागी. आणि टेबलाच्या पलीकडे, भावोजी बसतात तिथे, हिरवा उजेड. क्रेप बँडेजच्या कडेतून. लुकलुक, लुकलुक. असा उजेड मी दर सोमवारी चोवीस वेळा बघितलाय.

सासूबाई म्हणाल्या, "काय गं, काजवा शिरला का घरात?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या मनगटापाशी मिट्ट काळोख.

"भावोजी, हात दाखवा."

"वहिनी, मुरगळलंय हो ते..."

"मुरगळलेलं मनगट उजेड पाडत नाही."

लाइट आले तेव्हा दोघे भाऊ ताटात बघत होते, शाळेत पकडल्यासारखे. मी ह्यांचा बँड ओढून काढला. पाठ कोरी. दिवा नाही, नंबर नाही. माझाच नमुना. खरा फक्त सोमवारी सकाळी माझ्या हाती ठेवायचे. गावभर शोधला तो रोज माझ्या शेजारी झोपत होता.

मग हात धरला. तीन बोटं मनगटावर ठेवली. दोन ठोके घाईने, मग काहीच नाही, मग एक, मग तीन धावत सुटलेले. एक मिनिट मोजलं. पुन्हा एक मिनिट. मला मशीन लागलं नाही. सत्तावीस वर्षांत हजारो मनगटं धरली, ह्यांचं शेवटचं कधी धरलं होतं ते आठवेना.

"किती दिवस?" विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून. धडधडतं, मग थांबतं," हे म्हणाले. "रिटायर व्हायला बावीस महिने राहिलेत गं. एकतीस वर्षं एक ओरखडा नाही. आता टेबलावर बसवून पोरांच्या ड्युट्या लिहायला लावतील. चाक गेलं तर मी कोण?"

"आणि मागे बसलेले पन्नास जण कोण?"

"अजून काही झालंय का?"

भावोजी म्हणाले, "वहिनी, माझी आयडिया. दादाला बोलू नका." भाऊ भावाला पाठीशी घालणारच. मी त्यांना काही बोललेही नाही. मी ह्यांना एकच विचारलं. मी टिचक्या मारल्या तेव्हा?

"जागा होतो," म्हणाले. "सांगणारच होतो. पण तू खुशीत आत गेलीस, गाणं म्हणत."

म्हणजे ह्यांना माहीत होतं. मी अहवाल वाचून दाखवला, ते "प्रत्यक्ष देखरेखीखाली" सुद्धा, तेव्हाही माहीत होतं. पोरीची नोकरी गेली हे मी चहा पिताना सांगितलं, तेव्हा म्हणाले, "वाईट झालं." एवढंच म्हणाले.

केसाने गळा कापला माझा. आणि मी मान पुढे करून बसले होते, वर नवा शर्ट आणून दिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

लेकीला फोन केला. निदान तिच्यापाशी रडावं म्हणून. ती दूर असते, नोकरीला. मी सगळं सांगितलं. पलीकडे नुसता श्वास.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"बाबांनी जानेवारीतच सांगितलं. मी म्हटलं त्यांना डॉक्टरकडे जा. ते म्हणाले जाईन."

"आणि मला?"

"आई, तू ऐकून घेतलं असतंस का? तू लगेच कागद काढला असतास. तू ना, आधी टेक्निशियन असतेस, आणि मग..."

वाक्य पुरं केलं नाही तिने. मीच फोन ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी पेशंटांना हसत म्हणते नेहमी. सासूबाई तेवढ्या राहिल्या होत्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "मला कोण काय सांगतंय? मी काजवा समजले." आज घरात माझ्या बाजूने एवढंच माणूस आहे, तेही पंच्याऐंशी वर्षांचं आणि अर्धं आंधळं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांना सांगितलं, मुकाट्याने माझ्या मशीनवर या, तोवर गाडीला हात लावायचा नाही. आले. टेबलावर झोपले, मी तारा लावल्या. वर छताकडे बघत म्हणाले, "कागद तुझ्यापाशीच ठेवशील ना? मी गोळ्या घेईन, गुपचूप. मार्चमध्ये डेपोची तपासणी आहे, त्या दिवशी नीट असलं की झालं."

मी काही बोलले नाही. न बोलण्याचा अर्थ हे "हो" असा घेतात, तीस वर्षं घेतायत, मला ठाऊक होतं. तरी बोलले नाही. बोलले असते तर उठून गेले असते.

कागद बाहेर आला. चष्मिशच्या त्या पहिल्या चार लाल खुणा होत्या ना, तेच, माझ्या स्वतःच्या मशीनवर. कागद खोटा म्हणायची सोय नाही.

कागद घेऊन सरळ मोठ्या डॉक्टरांकडे गेले. अहवाल खोटा आहे, तो माझा आहे, बँड बरोबर होता, मुलगी बरोबर होती, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या मिस्टरांचं उपचाराचं बघू आधी. अहवालाचं आता कशाला उकरायचं? तपासणी बंद झालीय, हॉस्पिटलचंही नाव आहे." मी म्हटलं, दुसरा अहवाल लिहून आणलाय, घ्या. आणि डेपोला पत्र आज जायला हवं, उद्या सकाळी ह्यांची ड्युटी आहे.

डॉक्टरांनी दोन्ही कागद घेतले. "घरी काय सांगाल?" म्हणाले.

आधी पत्रावर सही करा म्हटलं.

२६ फेब्रुवारी

डेपोने ह्यांना चाकावरून काढलं. घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "केसाने गळा कापलास."

हेच वाक्य मी चार दिवस ह्यांच्यासाठी तोंडात धरून होते. ह्यांनी आधी म्हणून टाकलं.

"तुम्ही जिवंत राहावं म्हणून कापला," मी म्हटलं. ऐकायला थांबले नाहीत. आता पाणी हवं असलं तरी सासूबाईंमार्फत मागतात. भावोजी घरात चोरासारखे वावरतात. बँडेज गेलं, मनगट एका रात्रीत बरं झालं.

७ मार्च

माझा दुसरा अहवाल कंपनीला गेला. उत्तर आलं. चाचणी पुन्हा सुरू करणार आहेत, जुन्याच माणसांवर. मुलीबद्दल एक ओळ : त्या जागी दुसरी नेमणूक झाली आहे.

तिला काल फोन केला. उचलला नाही. आजही नाही. काकू म्हटलेलं मला कधी आवडलं नव्हतं. आज कुणी काकू म्हणावं असं फार वाटलं.

१७ मार्च, सोमवार

ह्यांनी पुन्हा बँड बांधलाय. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, माझ्या सांगण्याने नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. डेपोत सकाळी ड्युट्या लिहितात, दुपारी परत येतात. सासूबाई सांगतात मला, अक्षर छान आहे म्हणे त्याचं, पोरं कौतुक करतात.

गुरुवारी हे जेवून खुर्चीत डोळे मिटून बसले होते. बँडच्या कडेने हिरवा दिवा दिसत होता, तरी मी जवळ गेले. आठ वाजून दहा मिनिटं. तीन टिचक्या मारल्या. हलले नाहीत. झोपले नव्हते, ते आता मला कळतं, पापण्यांवरून कळतं. मीही झोपलेत असंच धरलं आणि भांड्यांकडे गेले. गाणं काही आलं नाही.

आज नोंद उघडली. आता तिथे नवा मुलगा बसतो, मला मॅडम म्हणतो. गुरुवार, आठ दहा. सतरा नंबर बसलेला आहे. तीन टोकं, एकामागे एक, स्पष्ट. पुढे मिनिटभराने ठोका ताल सोडतो, चार मिनिटांनी परत येतो.

त्या पानाचा फोटो काढला आणि चष्मिशच्या नंबरवर पाठवला. खाली लिहिलं, तुझा बँड बरोबर आहे, मी चुकले, काकू.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. आत्ता रात्रीचे नऊ वाजतायत. उत्तर नाही.